बंद डब्यांचे तीन दिवस

तुम्ही कधी हॉस्पिटलात भरती झाला आहात? झाला असाल तर सांगा बरं, तुमच्या अंगाखालची ती पांढरी चादर कुणी धुतली होती? डॉक्टरचं नाव आठवत असेल. इंजेक्शन देणारी सिस्टर आठवत असेल, शेजारच्या खाटेवर घोरणारा माणूसही आठवत असेल. पण चादर? ती काय आपोआप पांढरी झाली? आदल्या दिवशी तिच्यावर कुणाचं तरी रक्त सांडलं होतं, कुणीतरी ओकलं होतं. ती कुणीतरी हातात घेतली, झटकली, आत सुई राहिली नाही ना हे बोटांनी चाचपलं आणि मग यंत्रात टाकली. ती बोटं कुणाची हे तुम्हाला माहीत नसेल, तर वाईट वाटून घेऊ नका. लाँड्रीच्या मालकालाही माहीत नव्हतं. म्हणून तर ही गोष्ट सांगावी लागते.

गोष्ट आहे थोरलीची. शहरातल्या चार हॉस्पिटलांचे कपडे धुणारी एक मोठी लाँड्री, तिथे थोरली सत्तावीस वर्षं इस्त्रीच्या रोलरवर उभी आहे. रोलर म्हणजे माणसाच्या कमरेएवढं जाड, तापलेलं लोखंडी लाटणं. एका बाजूने ओली चादर सरकवायची, दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक निघते. सरकवताना बोटं मागे घ्यायला अर्धा श्वास जरी उशीर झाला, तर रोलर विचारत नाही की बाई, घरी लेकरं किती. थोरलीच्या डाव्या हाताच्या करंगळीला नख नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "रोलरला नैवेद्य दिला एकदा. तेव्हापासून शहाण्यासारखा वागतो."

जन्माने ती घरात चौथी. थोरली हे नाव लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलं, कारण भांडण असो, बाळंतपण असो की मुकादमाला जाब विचारायचा असो, पुढे हीच. अंगाने आडवी, आवाज असा की ड्रायरची घरघर चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जावा. राग नाकावर. शाळा तिसरीपर्यंत. पण पेपरात बांधून आलेला पाव खाण्याआधी तो पेपर वाचून काढायची सवय, त्यामुळे जगातलं बरंच काही तिला तुकड्यातुकड्यांत ठाऊक.

आणि तिचा देव. तो कुठला, कुठल्या पुस्तकातला, असं कुणी विचारलं तर तिला राग यायचा. "माझ्या हाकेला ओ देतो तो. आडनाव मी विचारलं नाही." सकाळी स्टोव्ह पेटवताना ती त्याच्याशी बोलायची, ते शेजाऱ्याशी भिंतीवरून बोलावं तसं. काल सांगितलेलं काम का नाही केलंस? लाँड्रीतल्या बारकीच्या पोराचा ताप उतरव म्हटलं होतं ना? बहिरा झालास का? आणि ताप उतरला की, "बरं झालं. आता उगाच मिरवू नकोस."

लाँड्रीत बॉयलरच्या भिंतीला लागून एक खोली होती. मालकाने ती कधी काळी रिकाम्या पिंपांसाठी बांधलेली, पण बायकांनी हळूहळू ताब्यात घेतली. दोन लांब फळ्या विटांवर ठेवून बाक केले. खिडकीच्या फुटक्या तावदानाला पुठ्ठा लावला. एक स्टोव्ह आला, एक मोठं पातेलं आलं. भिंत बॉयलरमुळे कायम कोमट. सकाळपासून उभ्या असलेल्या बायका दुपारी आत यायच्या, त्या भिंतीला पाठ टेकायच्या आणि त्यांच्या तोंडून जो "आई गं" निघायचा, त्यापुढे कुठल्याही भजनाने मान खाली घालावी.

पातेल्यात बटाट्याचा रस्सा असायचा. तो थोरलीचा नवरा करून द्यायचा. आयुष्यभर ट्रकमधून पोती उतरवून त्याचा मणका कामातून गेला, घरी बसला आणि तिथे त्याला शोध लागला की आपल्या हाताला चव आहे. रस्सा डब्यातून यायचा, पातेल्यात ओतून स्टोव्हवर उकळायचा, मग ज्याच्या त्याच्या डब्यात एकेक पळी. पाव, भात, शिळं-ताजं जे काय असेल, त्यावर तो लालभडक ऊन रस्सा पडला की गरिबी अर्धा तास तरी बाहेर थांबायची.

पण झाकण कुणी लगेच उघडायचं नाही. एकोणीस बायका, एकोणीस डबे मांडीवर. थोरली डोळे मिटायची आणि म्हणायची, "देवा, तुझ्या दारात कुणी मागे राहत नसेल, तर आमच्याही दारात राहू नये." मग डोळे उघडून मोठ्याने विचारायची, "सगळ्या आल्या का?"

"आल्या!" अशी एकदम ओ यायची आणि एकोणीस झाकणं एकदम उघडायची. तो आवाज असा, जणू कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी एक जरी यायची राहिली असेल, संडासात असो की मुकादमाशी वाद घालत असो, तोवर झाकण बंद. पोटात कावळे ओरडले तरी बंद.

ही पद्धत कुणा साधूने घालून दिलेली नाही. ती थोरलीच्या एका पापातून आली. आणि ते पाप ती स्वतःच सांगते, लपवत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मळक्या कपड्यांच्या खोलीत एक नवी बाई लागली. हॉस्पिटलातून येणारी गाठोडी सोडायची, रक्ताचं वेगळं, घाणीचं वेगळं, नुसतं घामाचं वेगळं असं निवडायचं, हे तिचं काम. रबरी हातमोजे, जाड एप्रन, तरी अंगाला वास लागायचाच. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन जेवणाच्या खोलीत आली, तेव्हा थोरलीच म्हणाली होती, "तुझ्या अंगाला वास येतो गं. तू तिकडेच बस ना." ती बाई परत फिरली. मळक्या खोलीच्या दाराबाहेर एक पत्र्याचा डबा पालथा घातला, त्यावर बसून जेवायला लागली. बायका तिला 'दारची' म्हणायला लागल्या.

सहा महिने गेले. एका उन्हाळ्यात, ऐन दुपारी, ती त्या खोलीत चक्कर येऊन पडली. कपड्यांच्या ढकलगाडीच्या लोखंडी कडेवर डोकं आपटलं. भिंतीच्या अलीकडे अठरा बायका जेवत होत्या, कुणाच्या तरी सासूची नक्कल चालली होती, हसून हसून ठसका लागत होता. अर्धा तास ती पलीकडे पडून होती. कुणाच्याही मनात आलं नाही की दारची दिसत नाही. दिसत नाही म्हणजे काय? ती त्यांना दिसत होती कधी?

शेवटी मुकादमाला सापडली. थोरली तिच्याबरोबर हॉस्पिटलात गेली. टाके पडले. तिला ज्या चादरीवर झोपवलं, त्या चादरीची घडी थोरलीने ओळखली. कोपरा आत दुमडायची सवय तिचीच. म्हणजे या बाईने निवडलेली चादर मी इस्त्री केली, तिच्याच अंगाखाली आली, आणि तिला माझ्याशेजारी बसायला मात्र मी जागा दिली नाही. थोरली त्या खाटेपाशी उभी राहून रडली आणि मग तिला राग आला. आधी देवाचा, मग स्वतःचा. स्वतःचा टिकला.

टाके सुकून ती बाई कामावर आली, त्या दिवशी थोरलीने तो पालथा डबा लाथ मारून उडवला. तिला हाताला धरून आत आणली, बाकावर आपल्या शेजारी, अगदी मधोमध बसवली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चूक माझी. यापुढे कुणी राहिली असेल तर कुणाचंच झाकण उघडणार नाही."

ती बाई म्हणाली, "बसते. पण आधी हात धुते. तुम्ही पण धुवा, तुमच्या हाताला साबणाचा वास येतोय." सगळ्या हसल्या. तेव्हापासून तिला 'मधली' म्हणतात.

तर अशी अकरा वर्षं गेली, आणि नवे साहेब आले.

नवे साहेब म्हणजे लाँड्रीचे व्यवस्थापक. तरणे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना खिशातल्या पेनाचं टोपण काढायची-लावायची सवय. लाँड्रीत फिरले, पण नाकाला रुमाल लावून, आणि मळक्या खोलीच्या दारापर्यंतच. आठवड्याभरात फळ्यावर कागद लागला. थोरलीने वाचला: मळक्या कपड्यांच्या विभागातील कामगाराने आरोग्याच्या दृष्टीने आपले जेवण आपल्याच विभागात करावे. इतर कामगारांच्या भोजनाच्या जागी येऊ नये.

"भोजन म्हणे," तोंडाळ म्हणाली. तोंडाळ म्हणजे ड्रायरवरची बाई. जिभेला हाड नाही, असा तिचा लौकिक. "आम्ही जेवतो, साहेबांच्या कागदात त्याचं भोजन झालं."

मधलीने कागद वाचला आणि निघून गेली. दुपारी ती आली नाही. डबा घेऊन मळक्या खोलीतच बसली.

खरं सांगायचं तर थोरलीच्या डोक्यात त्या दिवशी काही योजना नव्हती. संतापाने डोकं गरगरत होतं, संध्याकाळी मुकादमाला गाठून बोलायचं, एवढंच ठरलं होतं. अठरा जणी बाकावर बसल्या. पातेलं उकळत होतं. तिने सवयीने डोळे मिटले, सवयीने ती ओळ म्हटली आणि सवयीने विचारलं, "सगळ्या आल्या का?"

कुणी ओ दिली नाही.

पातेल्याचं झाकण तेवढं खडखडत होतं. थोरलीने इकडेतिकडे पाहिलं. सतरा जणी तिच्याकडे बघत होत्या. खोटं कोण बोलणार? आली नाही म्हणजे नाही आली.

"मग?" तोंडाळने विचारलं.

"मग काय," थोरली म्हणाली. "ज्याला खायचं त्याने खावं. मी कुणाचा हात धरलेला नाही."

तोंडाळने डबा वाजवला. "तुझ्या देवापायी आम्ही उपाशी का गं? माझ्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही." तिने झाकण अर्धं उघडलं, आत पाहिलं, एक लांब श्वास घेतला आणि परत लावलं. "वास घेतला. वास चालतो ना?"

कुणीतरी खुदकन हसलं. पण झाकण कुणाचंच उघडलं नाही. भोंगा झाला, अठरा जणी भरल्या डब्यांनिशी परत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी घरी थोरलीच्या नवऱ्याने डबा उघडला आणि त्याचा चेहरा पडला. "एवढा उरला? खारट झाला होता का?"

"नाही."

"मग तिखट? सकाळी त्या मिरच्यांनी मला फसवलं, मला वाटलंच होतं."

"अहो, चाखलाच नाही कुणी!" आणि तिने सगळं सांगितलं.

तो पाठीला उशी लावून बसला होता. त्याने डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "तुझी नोकरी जाईल यात."

"जाईल."

"पेन्शनला दीड वर्ष राहिलंय."

"मोजता येतं मला."

"बरं." त्याने डबा धुवायला घेतला. "उद्या करू का रस्सा? की नको?"

"करा. आणि जरा जास्तच करा. जेवण नाही म्हणून उपाशी राहणं वेगळं. जेवण समोर आहे आणि माणूस नाही, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे."

"बटाटे तू सोल मग," तो म्हणाला. "माझ्या रश्श्याला तुझ्या लढाईत उभं करतेस, तर थोडं काम तूही कर."

दुसऱ्या दिवशी कामाआधी थोरली मळक्या खोलीच्या दारात गेली. मधली गाठोडं सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्यासाठी उपाशी राहू नका. मला लाज वाटते."

"तुझ्यासाठी कोण राहतंय? माझं मला खाता येईना."

"बारकीला तरी खाऊ घाला. अंगावर पिणारं पोर आहे तिचं. ती उपाशी राहिली तर मी हे काम सोडून जाईन, सांगून ठेवते."

बारकी म्हणजे सगळ्यात लहान, घडीच्या टेबलावरची. दुपारी थोरलीने तिला सांगितलं, तर ती हट्टाला पेटली. शेवटी तोंडाळच पुढे झाली. "हे बघ, तू नको खाऊस. तुझ्या पोराला भूक लागलीय, ते तुझ्या तोंडाने खाणार. त्याचा डबा या मोजणीत धरलेला नाही." बारकी रडत रडत जेवली आणि बाकीच्या सतरा जणींनी तिच्याकडे पाहायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंडं केली.

तेवढ्यात मुकादम धापा टाकत आला. म्हातारा माणूस, भित्रा, पण मनाने वाईट नाही. "साहेब येतायत. कुणीतरी सांगितलं, इथे उपोषण चाललंय."

साहेब आले. आत जागाच नव्हती, म्हणून उंबऱ्यात उभे राहिले. बंद डबे पाहिले, उकळणारं पातेलं पाहिलं.

"हा काय प्रकार आहे? तुम्ही रोलरवर काम करता. कुणी चक्कर येऊन पडलं तर जबाबदारी माझी. डबे उघडा."

कुणी हललं नाही.

"मी सांगतोय, जेवा! हा हुकूम आहे."

"साहेब," तोंडाळने अगदी गोड आवाजात विचारलं, "भरवता का?"

मुकादमाने तोंडावर रुमाल धरला. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थोरलीकडे बोट करून म्हणाले, "तुम्ही. ऑफिसात या."

ऑफिसात पंखा होता, टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची होती. साहेब बसा म्हणाले नाहीत. थोरली बसली. सत्तावीस वर्षं उभी होती, आणखी कशाला उभं राहायचं?

"बेकायदा संप आहे हा," साहेब म्हणाले.

"संप? दोन दिवसांत एक चादर कमी धुतली असेल तर दाखवा."

"मग जेवत का नाही?"

"जेवायची आमची एक पद्धत आहे साहेब. सगळ्या आल्याशिवाय सुरुवात होत नाही. तुम्ही एकीला अडवली, आमची सुरुवात अडली. यात उपोषण कुठे आलं?"

"आरोग्याचा प्रश्न आहे. त्या बाईमुळे इन्फेक्शन पसरलं तर?"

थोरलीचा आवाज चढला तो खाली रोलरपर्यंत ऐकू गेला असणार. "ती एप्रन काढून, कोपरापर्यंत साबण लावून, कपडे बदलून येते! तुम्ही आत्ता दाराची कडी धरून आलात, हात धुतले का?" मग ती एकदम थांबली. पुढचं हळू बोलली. "साहेब, तुम्ही जे म्हणताय ना, ते अकरा वर्षांपूर्वी मी म्हटलंय. अगदी ह्याच शब्दांत. त्या दिवशी मला कुणी थोबाडीत मारायला हवी होती. कुणी मारली नाही, म्हणून त्या बाईच्या डोक्याला सात टाके पडले. मी तुम्हाला शिकवायला नाही आले. मी केलेली चूक तुम्हाला फुकटात सांगतेय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. "उद्या दुपारी मी स्वतः येणार. डबे उघडले नाहीत, तर तुमच्या नावाचं पत्र माझ्या खिशात असेल. परवापासून येऊ नका."

आता तिसरा दिवस.

सकाळी स्टोव्ह पेटवताना थोरली देवाशी भांडली नाही. हे तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं आणि त्यालाच भीती वाटली. तिने फक्त एवढं म्हटलं, "हे बघ, मी माझं केलं. आता तुझा डबा तूच उघड." आणि पायात चपला घालून निघाली.

दुपारी भोंगा झाला. ड्रायव्हर, बॉयलरवाला, खाली गाठोडी उतरवणारे, सगळे कसल्या तरी निमित्ताने त्या खोलीच्या आसपास घुटमळत होते. मुकादम आपला डबा काखेत धरून दारात उभा. थोरलीने विचारलं, "तुम्ही जेवला नाहीत?"

"कालपासून माझंही झाकण बसल्यासारखं झालंय," तो म्हणाला. "गंजलं असेल."

साहेब आले. खिशातून घडी केलेलं पत्र अर्धं वर दिसत होतं. अठरा जणी बसलेल्या. मध्ये एक जागा रिकामी.

थोरलीने डोळे मिटले. ओळ म्हटली. "सगळ्या आल्या का?"

"थांबा," बाहेरून आवाज आला. "येतेय."

माणसं बाजूला झाली. मधली आली. धुतलेले हात, स्वच्छ कपडे, ओले केस मागे बांधलेले. एका हातात डबा आणि दुसऱ्या काखेत हाताएवढी लांब पत्र्याची पाटी. चारही कोपऱ्यांना स्क्रूची भोकं, मागे भिंतीचा चुना चिकटलेला. तिने ती पाटी साहेबांसमोर धरली.

"वाचा साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मी वाचते मग. ड्रायव्हर दादांकडून एकदा वाचून घेतली होती, मग तिच्यावरूनच अक्षरं शिकले. दुसरं पुस्तक नव्हतं." आणि तिने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, "'या खोलीत खाणे, पिणे, डबा उघडणे सक्त मनाई. आरोग्य नियमाप्रमाणे. हुकमावरून, व्यवस्थापक.' व्यवस्थापक म्हणजे तुम्हीच ना?"

दारातली माणसं पाटी बघायला पुढे सरकली.

"अकरा वर्षं ही पाटी माझ्या डोक्यावर होती," मधली म्हणाली. "पण तिच्यासमोर डबा मांडीवर घेऊन मी कधी बसले नव्हते. दोन दिवस तुम्ही बसवलंत. बसल्या बसल्या पुन्हा वाचली, तेव्हा ती कुणासाठी आहे ते कळलं. तुम्ही त्या खोलीत एकदा जरी पाऊल टाकलं असतं, तर तुम्हालाही दिसली असती. मोठी आहे, निळी आहे. आता सांगा, मी कुठला हुकूम मोडू? भिंतीवरचा की फळ्यावरचा?"

"स्क्रू कुणी काढले?" साहेबांनी विचारलं.

"मी," मुकादम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज मोठा निघाला आणि तो स्वतःच दचकला. "मी काढून दिले. आणि साहेब, हॉस्पिटलची तपासणीवाली बाई येईल तेव्हा तिला हेच दिसेल, की आपण कामगाराला मळक्या कपड्यांत जेवायला बसवतो. तेव्हा ते पत्र कुणाच्या नावाचं निघेल?"

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. मधलीकडे पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. मग खिशातलं पत्र बोटाने आत ढकललं, दिसेनासं होईपर्यंत, आणि म्हणाले, "फळ्यावरचा कागद काढून टाका, मुकादम. आणि यांच्यासाठी जेवणाच्या खोलीबाहेर एक नळ... हात धुवायला."

"गरम पाण्याचा," तोंडाळ म्हणाली. "बॉयलर भिंतीपलीकडेच आहे. पाइप वाकडा करायचा फक्त."

"गरम पाण्याचा," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

मधली आपल्या जागी येऊन बसली. पाटी तिने बाकाखाली सरकवली, कारण परत लावायची होती. नियम चांगला होता ना, मोडायचा कशाला? मग थोरलीने ओरडूनच विचारलं, अशी ओरडली की बॉयलरवाला दचकला:

"सगळ्या आल्या का?"

"आल्या!" खोलीतून, दारातून, बाहेरच्या ड्रायव्हरांच्या तोंडूनसुद्धा ओ आली. एकोणीस झाकणं उघडली, आणि दारातलं मुकादमाचं विसावं. रस्सा पळीपळीने फिरला, पुरला, दुसऱ्यांदा फिरला. बारकीने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. तोंडाळ खाता खाता रडत होती आणि वर म्हणत होती की रस्सा तिखट आहे. मधलीने पाव बुडवून चाखला आणि म्हणाली, "थोडा खारट झालाय गं." त्या संध्याकाळी हे थोरलीने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस तोंड फुगवून बसला, पण ते वेगळं.

नळ पंधरा दिवसांत लागला. साहेब काही बदलले नाहीत. अजूनही नाकाला रुमाल लावतात. पण मळक्या खोलीत आता आत जातात, भिंतीवर काय काय लिहिलंय ते वाचून येतात. माणूस तीन दिवसांत बदलावा अशी अपेक्षा थोरलीही करत नाही. तिला स्वतःला बदलायला एक बाई जमिनीवर कोसळावी लागली होती, हे ती विसरलेली नाही. कुणी तिची फार स्तुती करायला लागलं की ती चिडते. "मी काय केलं? भूक लागली होती, जेवले नाही. तेवढंच."

तेवढंच नाही, हे तुम्हाला कळलंय आणि तिलाही कळतं. तिच्या देवाने तिला कुठलाही चमत्कार दाखवला नाही. तिने फक्त रोज जे तोंडाने म्हटलं, ते एका दुपारी खरं धरलं. बाकीच्या सतरा जणींनीही धरलं. अशा सतरा जणी पाठीशी असल्या तर साहेबाच्या खिशातलं पत्र खिशातच राहतं.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते थोरलीच्या वतीने आहे, तेव्हा टाळू नका. उद्या दुपारी तुमच्या ऑफिसात, दुकानात, शाळेत, कारखान्यात जेवायला बसाल, तेव्हा हात डब्याकडे नेण्याआधी एकदा आजूबाजूला बघा. सकाळी तुमची फरशी पुसणारी, तुमचा संडास धुणारी, तुमचा कचरा उचलणारा माणूस कुठे बसून जेवतोय ते शोधा. जिन्याखाली असेल, दाराबाहेर असेल. सापडला की त्याला आत बोलवा, शेजारी जागा करा, आणि तो बसेपर्यंत तुमचं झाकण उघडू नका.